वाचकांचे प्रश्न : सिग्नलला बंद पडणारी मोटरसायकल

प्रश्न : माझी १२५ सीसीची २०१६ सालची मोटरसायकल कार्बोरेटरवाली आहे. पावसाळ्यात महिनाभर सोसायटीच्या आवारात उभी होती. आता हायवेला छान पळते, पण सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आचके देऊन बंद पडते. चोक अर्धा ओढला तर चालू राहते. मेकॅनिक म्हणतो, कार्बोरेटरच बदला. बदलू का? – एक वाचक, भांडुप

उत्तर : इतक्यात नको. निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. चोक ओढला की हवा कमी होऊन मिश्रणात पेट्रोल वाढतं. त्यावर इंजिन टिकतं, म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून येतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन स्लो जेटवर चालतं. हायवेला मेन जेट काम करतो, म्हणून तिथे तक्रार नाही. स्लो जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं, पेट्रोल उडून जातं आणि मागे राहणारा चिकट थर याच छिद्रात बसतो. शिवाय पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं.

इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, पेट्रोल कॉक बंद करा. चेंबरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. पाच मिनिटं बाटली हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळं थेंबाथेंबाने जमलेलं दिसतं. दिसलं, तर टाकीही रिकामी करावी लागेल. नुसता कार्बोरेटर धुऊन चार दिवसांत तेच होईल.

मग चेंबर उघडा. स्क्रू मऊ असतात, म्हणून नेमका बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा. स्लो जेट काढून उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ ठिपका दिसायला हवा. कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे) मारा, थोडं भिजू द्या, हवेने फुंका. तार घालू नका. जेट पितळेचा असतो, छिद्र जरासं मोठं झालं तरी सेटिंग कायमचं बिघडतं. मिक्स्चर स्क्रू, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा स्क्रू, काढण्याआधी तो आत हलकेच टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. त्याच्यामागची स्प्रिंग, वॉशर आणि बारीक ओ-रिंग पटकन घरंगळते, खाली कापड पसरा.

जेट साफ असूनही दुखणं कायम राहिलं, तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड तपासा. चिरा पडल्या की तिथून हवा शिरते. गाडी नुकती चालू केलेली, इंजिन थंड असताना जोडावर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा. आवाज बदलला, तर चोर सापडला. हा स्प्रे पेट घेतो, प्लगपासून आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा.

सगळं जोडल्यावर इंजिन पाच-सात मिनिटं तापवा. मिक्स्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज सर्वांत चढा आणि सलग येईल तिथे थांबवा, मग आयडल स्क्रूने, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग ठरवणाऱ्या स्क्रूने, वेग खाली आणा. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना १४०० आरपीएमच्या आसपास लागतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. वेग चढला तर केबल ताणलेली आहे. नुसता आयडल स्क्रू चढवून दुखणं झाकू नका. पेट्रोल जास्त जळेल आणि गिअर टाकताना खडखडाट होईल.

तरीही तापल्यावरच बंद पडत असेल, तर टॅपेटचा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा, गॅप पाहून घ्या. तो थंड इंजिनवरच मोजतात.

प्रश्न : माझ्या बीएस ६ गाडीलाही हेच करायचं का? – एक वाचक, वसई

उत्तर : नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) मोटरसायकलींत साधारणपणे कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा असते. तिथे आधी बॅटरी तपासा, इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली नको. मग थ्रॉटल बॉडीवरचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा, काजळीचा थर साफ करून घ्या. इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला असेल, तर स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचल्याशिवाय एकही सुटा भाग बदलू देऊ नका.