वाचक विचारतात : ऑटोमॅटिक ऑफसेटवर मशीनमन कशाला?

प्रश्न : आमच्या चाररंगी शीटफेड (सुटे कागद घेणाऱ्या) मशीनवर रंग आपोआप राखणारी यंत्रणा आहे. दोन-तीन हजार शीट झकास निघतात. मग डेन्सिटी (छापलेल्या शाईचा गडदपणा) बरोबर असूनही छपाई निस्तेज होते, बारीक अक्षरं भरतात, थप्पीत शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते. मशीनमन म्हणतो, प्लेटच्या कोऱ्या भागाला शाई लागू नये म्हणून दिलं जाणारं पाणी कमी करा. सुपरवायझर म्हणतात यंत्रणेला हात लावू नका. कोण बरोबर?

उत्तर : मशीनमन. स्कॅनर शीटच्या कडेला छापलेल्या रंगपट्टीवरची डेन्सिटी वाचतो आणि ती उतरली की शाईच्या चाव्या (कुठे किती शाई सुटावी हे ठरवणाऱ्या) उघडतो. ती का उतरली, हे त्याला कळत नाही. पाणी जास्त झालं की शाई ते पिते आणि फिकी पडते. यंत्रणा आणखी शाई सोडते. जाड थर सुकत नाही, छपाईचे बारीक ठिपके (डॉट) फुगतात. जॉबच्या सुरुवातीचे आणि दोन हजार शीटनंतरचे चाव्यांचे आकडे लिहून ठेवा. डेन्सिटी तीच आणि चाव्या मात्र सगळीकडे वर सरकलेल्या, तर संशय पाण्यावरच घ्यायचा. डक्टमधल्या (शाई भरतात त्या कुंडीतल्या) शाईवर पाण्याचे थेंब दिसले, तर शंकाच नको.

आधी आपोआप रंग राखणं बंद करा, नाहीतर तपासणी चालू असताना यंत्रणा चाव्या हलवत बसेल. मग एकेका युनिटचं (एकेक रंग छापणाऱ्या भागाचं) पाणी दोन-दोन टक्क्यांनी उतरवा. कोऱ्या भागात मळ (शाईची पुसट झाक) धरू लागला की थांबा आणि तिथून तीन-चार टक्के वर या. पाणी प्यायलेली शाई लवकर सुधारत नाही, म्हणून रोलर धुऊन ताजी शाई घाला. फाउंटनचा (प्लेट ओली करणाऱ्या मिश्रणाचा) पीएच साधारण ४.८ ते ५.३ हवा. कंडक्टिव्हिटी (मिश्रणाची वीजवाहकता) ताज्या मिश्रणापेक्षा हजारभर मायक्रोसीमेन्सने चढली असेल, तर टाकी रिकामी करून नवं मिश्रण भरा. कोटेड कागदातला चुना हेच ती चढण्याचं नेहमीचं कारण.

एवढं करूनही पाणी चढवल्याशिवाय मळ जात नसेल, तर डॅम्पनिंग (पाणी देणाऱ्या) रोलरची, तो प्लेटला टेकतो तिथे उमटणारी पट्टी तपासा. ती दोन्ही टोकांना सारखी आणि मॅन्युअलमधल्या रुंदीची हवी.

प्रश्न : ऑटो रजिस्टर (रंग एकमेकांवर अचूक बसवणारी यंत्रणा) आहे, तरी शीटच्या शेपटीकडच्या (मागच्या कडेच्या) दोन्ही कोपऱ्यांत रंग जुळत नाहीत. ग्रिपरकडे (मशीन शीट पकडतं त्या पुढच्या कडेला) सगळं ठीक.

उत्तर : डावा कोपरा एका बाजूला आणि उजवा उलट बाजूला सुटत असेल, तर कागद पाण्याने आणि दाबाने शेपटीकडे पसरतोय. ऑटो रजिस्टर प्लेट आडवी, उभी किंवा तिरकी सरकवतं. चित्र अरुंद करणं त्याच्या हातात नाही. कागद दाण्याच्या (तंतूंच्या दिशेच्या) आडव्या दिशेने जास्त वाढतो, म्हणून दाणा सिलिंडरच्या लांबीला समांतर येईल असा कागद घ्या. मशीनरूमची आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा आणि कागद तिथल्या तापमानाला आल्यावरच रीम फोडा. पाणी इथेही जास्त नको.