गांजा ‘कायदेशीर करावा’ म्हणजे नेमकं काय करावं?

एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे. संयोजक ताई विचारतात : विषय ‘गांजा कायदेशीर करावा का?’ असा छापायचाय. एक परीक्षक म्हणतात, ‘भांग’ लिहा, झाड तेच आणि शब्द सभ्य. दुसरे म्हणतात, ‘कायदेशीर करणे’ हे बोलीतलं झालं, ‘वैधीकरण’ लिहा. कुणाचं ऐकू?

पहिल्यांचं तर अजिबात ऐकू नका. झाड एकच, हे खरं. पण मराठीला त्या झाडाशी फारसं देणंघेणं नाही, आपण नावं ठेवली ती त्यातून निघणाऱ्या जिनसांना. पानं वाटून घोटली की भांग. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. आणि त्याचा चिकट राळेसारखा चीक म्हणजे चरस. क्रियापदंही वाटून दिलेली आहेत : भांग पितात किंवा खातात, गांजा ओढतात. ‘भांग ओढली’ म्हणणाऱ्यानं दोन्हींपैकी काहीच केलेलं नसतं. माणसंही वेगळी : भांगेच्या नादी लागलेला तो भंगड, चिलमीला ओल्या फडक्याची छापी गुंडाळून बसलेला तो गांजेकस. (‘गंजेडी’ हिंदीतून आला; घरचा शब्द असताना तो कशाला?)

हा भेद नुसता कोशातला नाही. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ज्याचं नाव दम लागेपर्यंत वाचावं लागतं, त्या ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’मध्येही तो आहे. तिथे चरस येतो, गांजा येतो. गांजाच्या व्याख्येतून मात्र शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया वगळल्या आहेत. १९६१च्या अंमली पदार्थांवरच्या आंतरराष्ट्रीय करारातही व्याख्या अशीच होती. पानं वगळली म्हणजे भांग वगळली. म्हणून वाराणसीत भांगेचं दुकान ‘सरकारी’ अशी पाटी लावून उघड चालतं, आणि त्याच गावात किलोभर गांजा सापडला तर अटक होते. महाराष्ट्रात भांग मोकळी आहे असं मात्र समजू नका; तिला आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो. तेव्हा विषयात ‘भांग’ छापलंत, तर तयारीची मुलं वेगळ्याच कायद्यावर बोलतील आणि तीच बरोबर असतील.

जाता जाता : नशेची ती भांग, केसांचा तो भांग. म्हणून ‘भांगेची नशा’ आणि ‘भांगात कुंकू’. मध्यंतरी एका बातमीत ‘भांगाची लागवड’ वाचली आणि डोळ्यांपुढे भलतंच शेत आलं. ‘गांजा’चं सामान्यरूप प्रमाणलेखनात ‘गांजाचा’च, दरवाजा-दरवाजाचा तसं. आणि ‘रंजलेगांजले’ यातल्या गांजण्याचा चिलमीशी काही संबंध नाही. ते गांजणं म्हणजे छळणं.

स्पर्धेत कुणीतरी ‘हेम्प’चा, म्हणजे धाग्यासाठी लावलेल्या याच झाडाचा, मुद्दा काढणारच. उत्तराखंडानं २०१८ साली धाग्यासाठी या झाडाची शेती करायला परवाना दिला. अट अशी की नशा आणणारा घटक ०.३ टक्क्यांच्या आत हवा. या ‘हेम्प’च्या शेतीचं भाषांतर सर्रास ‘तागाची शेती’ असं होतं. ताग वेगळा, पिवळ्या फुलांचा, आपले शेतकरी तो हिरवळीच्या खतासाठीही पेरतात. कुणी ‘अंबाडी’ लिहितं. तीही वेगळी, पण निदान दिसायला फसवते. माझी मावशी टोरांटोला लेकाकडे गेली होती. शेजाऱ्याच्या बाल्कनीत कुंडीत पाच बोटांच्या करवती पानांचं झाड पाहून ‘अगं, यांच्याकडे अंबाडी!’ म्हणून हरखली आणि मूठभर पानं भाजीला मागायला निघाली. लेकानं अडवलं. कॅनडात २०१८पासून घरी चार झाडं लावायला बहुतेक प्रांतांत परवानगी आहे. मावशीनं पान चुरगाळून हुंगलं, म्हणाली, ‘आंबट वास नाही याला.’ वनस्पतिशास्त्रज्ञही या साम्याला भुललेले आहेतच; अंबाडीच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ आहे ते उगाच नाही.

आता दुसरे परीक्षक. ‘वैधीकरण’ चुकीचं नाही, फक्त कोरडं आहे. माझी तक्रार ‘वैध’ आणि ‘कायदेशीर’ दोन्हींबद्दल एकच : हा शब्द अनेक वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरतो.

कॅनडानं केलं ते खरं कायदेशीर करणं : पिकवा, दुकानात विका, कर भरा. जर्मनीनं १ एप्रिल २०२४पासून प्रौढांना २५ ग्रॅम जवळ बाळगायला आणि तीन झाडं लावायला मुभा दिली, दुकानं मात्र उघडू दिली नाहीत. पोर्तुगालनं २००१ साली केलं ते आणखी निराळं. तिथे थोडा माल सापडला तर तो आजही बेकायदाच, पण फौजदारी गुन्हा नाही. कोठडीऐवजी एका समितीपुढे उभं राहायचं. याला इंग्रजीवरून ‘निर्गुन्हेगारीकरण’ म्हणतात. एवढा शब्द उच्चारेपर्यंत स्पर्धकाची घंटा वाजेल. ‘गुन्ह्यातून वगळणे’ म्हणा, सगळ्यांना कळतं. आणि नेदरलँड्सचं काय? कायद्यात बंदी, पण ‘कॉफीशॉप’ नावाच्या खास दुकानांत पाच ग्रॅमपर्यंत विकलं तर खटला भरत नाहीत. डचांनी यासाठी भारदस्त धोरणवाचक शब्द घडवलाय. आपल्याकडे तो आधीपासून आहे : कानाडोळा.

एक गंमत. ‘अंमली पदार्थ’ आणि ‘अंमलबजावणी’ या दोन्हींत एकच अरबी ‘अमल’ आहे. राज्याचाही अंमल बसतो, भांगेचाही चढतो.

तेव्हा ताई, ‘कायदेशीर’ ठेवा, पण त्याला कर्म द्या. शेती, विक्री, बाळगणं की ओढणं? ‘थोडा गांजा जवळ बाळगणे गुन्ह्यातून वगळावे का?’ हा एक विषय झाला, ‘गांजाच्या विक्रीला परवाना द्यावा का?’ हा दुसरा. पहिल्यावर मुलं चांगली भांडतील असं मला वाटतं, कारण आजच्या कायद्यात ‘थोडा’ म्हणजे एक किलोपर्यंत, आणि तेवढ्यालाही वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.