विंडोज शाबूत ठेवून शेजारी उबुंटू बसवताना

तुमची अडचण मला अशी समजली: लॅपटॉपवर विंडोज ११ आहे, ५१२ जीबीची एसएसडी आहे, विंडोजमधले काहीही न गमावता शेजारी उबुंटू बसवायचे आहे, आणि पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर चालू केल्यावर त्याला एसएसडी दिसतच नाही. त्यामुळे सरळ संपूर्ण डिस्क पुसून दोन्ही प्रणाली नव्याने बसवाव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. तसे करण्याची मुळीच गरज नाही. डिस्क न दिसण्याचे कारण बहुधा एका सेटिंगमध्ये आहे. मात्र त्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी थोडी तयारी विंडोजमध्ये बसून करावी लागते, आणि तीच बहुतेकांकडून राहून जाते.

दोन कार्यप्रणाली एकाच वेळी चालत नसल्यामुळे त्या एकमेकींच्या वाटेला जाणार नाहीत, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात डिस्क, तिच्यावरचे छोटे ईएफआय पार्टिशन (प्रणाली सुरू करणाऱ्या फाइलींसाठी राखलेला डिस्कचा भाग), मदरबोर्डवरचे फर्मवेअर (संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणारी, बायॉस म्हणून ओळखली जाणारी प्रणाली) आणि घड्याळ या गोष्टी दोघींच्या सामायिक असतात. ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच संगणकावर दोन प्रणाली ठेवताना, आजवर मी पाहिलेला जवळजवळ प्रत्येक बिघाड यांपैकी कशाच्या तरी सामायिकपणातून आलेला होता. उबुंटूच्या इन्स्टॉलरने काही चुकीचे केले म्हणून आलेला क्वचितच. म्हणून आधी बॅकअप घ्या, तोही याच एसएसडीवर नव्हे तर बाहेरच्या डिस्कवर, आणि मगच पुढे जा.

पहिली पायरी बिटलॉकरची, म्हणजे डिस्क कूटबद्ध करण्याच्या विंडोजच्या सोयीची. नव्या लॅपटॉपांवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ पुष्कळदा आपोआप चालू झालेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. या कूटबद्धतेची किल्ली टीपीएम या मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपमध्ये राहते. फर्मवेअरमधली महत्त्वाची सेटिंग किंवा बूट होण्याची पद्धत बदलली की चिप ती किल्ली देत नाही आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती तुमच्यापाशी नसेल तर डेटा डिस्कवर सुखरूप असूनही तुम्हाला वाचता येणार नाही. माझ्या परिचयातील एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाची सगळी कच्ची टिपणे अशीच अडकली, आणि त्याला स्वतःचे जुने मायक्रोसॉफ्ट खाते आठवेपर्यंत दोन दिवस गेले. म्हणून ती की आजच शोधून कागदावर उतरवून ठेवा. त्यानंतर कूटबद्धता पूर्ण बंद करा, किंवा निदान काम होईपर्यंत स्थगित ठेवा. मी पूर्ण बंद करण्याचा सल्ला देईन, कारण मग पार्टिशन लहान करणेही सोपे जाते आणि उबुंटूच्या इन्स्टॉलरकडूनही अडवणूक होत नाही.

दुसरी पायरी ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करण्याची. विंडोज ८ पासून ही सोय आली. ती चालू असताना ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही. कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, अवस्था हायबरनेशनच्या फाइलमध्ये लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठते. तोपर्यंत सी ड्राइव्हची एनटीएफएस फाइल प्रणाली अर्धवट उघडीच राहते. लिनक्सला (उबुंटू हा तिचाच एक प्रकार) हे ओळखता येते, म्हणून ती असे पार्टिशन केवळ वाचण्यापुरते जोडते किंवा जोडतच नाही, आणि ते योग्यच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी हा अटकाव सक्तीने ओलांडून त्यात लिहिले होते. विंडोज परत उठल्यावर तिच्या स्मृतीतली नोंद आणि डिस्कवरची स्थिती जुळेना, आणि एका फोल्डरमधल्या अनेक फाइली खराब झाल्या. ते नुकसान भरून आले नाही. तुम्ही पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपसमोरचे टिकचिन्ह काढून टाका. विंडोज सुरू व्हायला काही सेकंद अधिक लागतील, इतकेच.

आता डिस्क न दिसण्याविषयी. इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपांत स्टोरेज कंट्रोलर (डिस्कशी बोलणारा भाग) आरएसटी किंवा व्हीएमडी या इंटेलच्या खास पद्धतीवर लावलेला असतो, आणि काही इन्स्टॉलरना त्यामागची एसएसडी दिसत नाही. फर्मवेअरमध्ये तो एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर आणायचा असतो. पण तो थेट बदलला तर विंडोजला बूट होताना आवश्यक ड्रायव्हर मिळत नाही आणि निळी स्क्रीन येते. त्यासाठी क्रम असा ठेवा की विंडोजच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये सेफ बूट निवडायचे, संगणक पुन्हा सुरू करून सरळ फर्मवेअरमध्ये जायचे, तिथे व्हीएमडी बंद किंवा एएचसीआय चालू करायचे, आणि विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्यायची. तेवढ्यात ती नवा ड्रायव्हर स्वीकारते. मग सेफ बूटचे चिन्ह काढून नेहमीप्रमाणे सुरू करायचे. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड आधी तपासून ठेवा.

जागा मोकळी करण्याचे काम विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून करा. सी ड्राइव्ह आक्रसताना ती कधी कधी अपेक्षेपेक्षा फारच कमी जागा देऊ करते, कारण पेजफाइल (मेमरीला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल), हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट यांसारख्या न हलणाऱ्या फाइली मध्येच बसलेल्या असतात. त्या तात्पुरत्या बंद केल्या की मार्ग निघतो. उबुंटूसाठी २५ जीबी लागते असे सांगितले जाते, पण रोजच्या वापरासाठी तुमच्या डिस्कवर मी ८० ते १०० जीबी ठेवीन. मोकळी केलेली जागा तशीच रिकामी सोडा, तिच्यावर नवे ड्राइव्ह बनवू नका.

पेनड्राइव्हवरून सुरू करताना बूट मेनूत तो दोनदा दिसला, तर ज्या नोंदीच्या आधी यूईएफआय (बूट होण्याची आजची पद्धत) लिहिले असेल तीच निवडा. विंडोज ११ यूईएफआयवर असताना उबुंटू जुन्या लेगसी पद्धतीने बसली, तर एकीच्या मेनूतून दुसरी सुरू होत नाही. इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय दिसला की तोच घ्या. हाताने पार्टिशन करायचे ठरवलेत तर एवढे सांभाळा: साधारण १०० ते ३०० एमबीचे एफएटी३२ पार्टिशन दिसेल, ते ईएफआय पार्टिशन आहे, ते वापरायचे, पण फॉरमॅट करायचे नाही. विंडोजचा बूट लोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) त्याच पार्टिशनमध्ये स्वतःच्या फोल्डरात असतो आणि उबुंटूचा शेजारच्या फोल्डरात जाऊन बसतो. जुन्या एमबीआर या डिस्क-मांडणीच्या काळात बूट सेक्टर एकच असल्यामुळे नंतर येणारी प्रणाली आधीचीचा लोडर पुसत असे. आता विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर ग्रबचा (उबुंटूच्या बूट लोडरचा) मेनू दिसेनासा झाला, तरी बहुतेक वेळा केवळ बूटचा क्रम बदललेला असतो आणि तो फर्मवेअरमधून पूर्ववत करता येतो.

सिक्युअर बूट, म्हणजे स्वाक्षरी असलेलेच लोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय, बंद करण्याची घाई करू नका. उबुंटूचा शिम नावाचा पहिला लोडर मायक्रोसॉफ्टच्या किल्लीने स्वाक्षरीत असल्याने तो चालतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवताना पासवर्ड ठरवायला सांगितले, तर तो लक्षात ठेवा. पुढच्या बूटच्या वेळी निळ्या पडद्यावर एमओके (तुमच्या संगणकाने स्वतः मान्य केलेली किल्ली) नोंदवताना तोच लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने शिम नाकारल्यामुळे अनेकांच्या लिनक्स प्रणाली सुरू होईनाशा झाल्या होत्या, म्हणून उबुंटूची अपडेट्स महिनोन्महिने तुंबू देऊ नका.

सगळे झाल्यावर विंडोजचे घड्याळ चुकलेले दिसेल. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), त्यामुळे दोहोंतल्या फरकाइतके तास मागेपुढे होतात. उबुंटूला स्थानिक वेळ पाळायला सांगणे हा सोपा उपाय आहे. ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नसेल, तर त्याचे कारण असे की २०२१ च्या ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरच्या इतर प्रणाली शोधणारा प्रोग्राम, मुळातच बंद ठेवलेला असतो. तो ग्रबच्या सेटिंगमध्ये चालू करून मेनू नव्याने तयार करावा लागतो.

पुढे कधी उबुंटू काढावीशी वाटली, तर तिचे पार्टिशन सर्वांत आधी पुसू नका. तसे केल्यास ईएफआय पार्टिशनमध्ये मागे राहिलेला ग्रब स्वतःची सेटिंग शोधत राहतो आणि फक्त काळा पडदा व लुकलुकता कर्सर समोर येतो. आधी फर्मवेअरमध्ये विंडोज बूट मॅनेजरला पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज नीट सुरू होते याची खात्री करा, आणि मगच पार्टिशन काढून ती जागा सी ड्राइव्हला परत जोडा. मधे रिकव्हरीचे पार्टिशन आडवे आले आणि जागा जोडता आली नाही, तर ते पार्टिशन हटवण्यापूर्वी इथे डिस्क मॅनेजमेंटचे चित्र जोडून विचारा.