मनापासून प्रार्थना करूनही नोकरी हुकली. आता देवावर भरवसा कसा ठेवू?

निराश होणं म्हणजे अविश्वास नव्हे. बायबलमधलं १३वं स्तोत्र ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असंच सुरू होतं, आणि ८८वं तर अंधारातच संपतं. तक्रार देवापुढे नेता येते. मी म्हणेन, न्यावीच.

मला सगळ्यात जास्त धीर बायबलमधला संदेष्टा हबक्कूक देतो. त्याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो की अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. पावसाने दडी मारली की द्राक्षबागायतदाराच्या घरात काय होतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. आणि पुढे पाऊस पडला, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही!

पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, पती १८८२ मध्ये. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, आणि १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी त्यांचा विश्वास टिकला.

‘देवाने याहून चांगली नोकरी ठेवली असेल’ असं कुणी घाईने म्हटलं, तर त्यावर विसंबू नका. तसं वचन शास्त्रात नाही. ‘मी तुला सोडणार नाही’ हे मात्र आहे. रविवारी उपासनेनंतर पाळकांशी मोकळेपणाने बोला, आणि पुढचा अर्ज भरा.