मुलीला शिक्षिका व्हायचंय, पण कन्नडची धास्ती

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून आठवीला कन्नड माध्यमाच्या हायस्कुलात गेली. पहिलं वर्ष मागच्या बाकावर गप्प बसून काढलं आणि आता दहावीत म्हणते, "मला हायस्कुलातच शिकवायचंय." मराठी पोरीला इथं वाव आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. घटनेचं कलम 350 अ मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला सांगतं, ते प्राथमिक टप्प्यापुरतं. पुढं मराठी, कन्नड, उर्दू घरांतली पोरं एका वर्गात येतात. गणित येत असतं, पण कन्नडमध्ये सांगता येत नाही म्हणून हात वर होत नाही, आणि मास्तर 'ढ' म्हणून मोकळे होतात. दोन्ही भाषा जाणणारी बाई तिथं फळ्यावर 'अपूर्णांक'च्या शेजारी 'भिन्नराशी' लिहिते, पोराला आधी मराठीत सांगू देते आणि मग शेजारच्या कन्नड मुलीच्या मदतीनं तेच कन्नडमध्ये म्हणायला लावते. प्रयोगाचे गटही तीच पाडते. पोरांवर सोडलं तर भाषेगणिक कंपू होतात. हे तुमच्या मुलीला कुणी वेगळं शिकवायला नको.

आता कन्नड. 2015 च्या कायद्यानं कर्नाटकातल्या शाळांत ती पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते, आणि सरकारी भरतीतही तिच्यावाचून निभत नाही. कन्नड पक्की केली म्हणून मराठी कुठं जात नाही. सीमावादाचं भांडण मोठ्यांचं, ते तिच्या वहीत नको. (भांडण खोटं आहे असं म्हणत नाही हं.)

वाट अशी: पीयूसीची, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीची, दोन वर्षं, शाळेत शिकवता येतील असे विषय घेऊन पदवी, मग दोन वर्षांचं बीएड. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही, लागते. मैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत बारावीनंतर पदवी आणि बीएड चार वर्षांत एकत्र होतं. त्याला राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा आहे. फक्त मराठी माध्यमाच्या जागांवर भिस्त ठेवू नका, त्या मोजक्याच असतात.

गणित-विज्ञान झेपत असेल तर पीयूसीला सायन्सच घेऊ द्या. दहावीचे गुण हाती आले की विषयवार कळवा, मग कॉलेजचं बघू.