ऑफिसच्या वेब प्रॉक्सीमधून बाहेरचा एनएफएस शेअर माउंट करता येतो का?

होय, येतो, मात्र एनएफएसला (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावरच्या फाइली वापरण्याची पद्धत) प्रॉक्सीची, म्हणजे वेबची ये-जा सांभाळणाऱ्या मधल्या सर्व्हरची भाषा कळत नसल्याने मध्ये टनेल, म्हणजे एका कनेक्शनच्या आतून दुसरे नेणारी वाट लागते. एचटीटीपीची कनेक्ट ही विनंती आल्यावर प्रॉक्सी मागितलेल्या सर्व्हरशी टीसीपी कनेक्शन उघडतो आणि दोन्हीकडचा डेटा पुढे पाठवत राहतो. तथापि स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये कनेक्टला केवळ ४४३ पोर्टची मुभा असते, त्यामुळे एनएफएसचा २०४९ पोर्ट मागितल्यास ४०३ हा नकार पदरी पडतो. म्हणून बाहेरच्या सर्व्हरवर एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिनची सेवा) ४४३ वर चालवावे, प्रॉक्सीमार्गे त्याला जोडावे आणि त्यातून २०४९ फॉरवर्ड करावा. एनएफएसची आवृत्ती ४ च घ्यावी, कारण आवृत्ती ३ ला माउंट आणि लॉकिंगसाठी आणखी पोर्ट लागतात. बहुतेकांचे घोडे अडते ते पुढे: सर्व्हरला माउंटची विनंती लोकलहोस्टवरून (म्हणजे स्वतःवरूनच) आणि १०२४ च्या वरच्या पोर्टवरून आलेली दिसते, त्यामुळे एक्स्पोर्ट (शेअर कोणाला खुला आहे ती सर्व्हरवरची नोंद) लोकलहोस्टसाठी करून त्यात ‘इनसिक्युअर’ हा पर्याय द्यावाच लागतो. निष्क्रिय कनेक्शन प्रॉक्सी तोडतो, तेव्हा एसएसएचचे कीपअलाइव्ह (कनेक्शन जागे ठेवणारे अधूनमधूनचे संदेश) हेही सुरू ठेवावे.

नेटवर्क प्रशासकाची परवानगी मात्र आधी घ्या. केवळ कागदपत्रेच हाताळायची असतील, तर मी वेबडॅव सुचवेन. ते मुळात एचटीटीपीवरच चालते.