डीकोडर बसवण्याआधी मोटर सुटी करा

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात डीकोडर (रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारं छोटं सर्किट) बसवायचा असेल, तर इंजिन आधी साध्या डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) चालवून बघा. तिथेच अडखळत असेल तर डीकोडर बसवून ते सुधारणार नाही. चाकं आणि पिकअप (चाकांवरून वीज घेणाऱ्या पट्ट्या) साफ करा, मग पुढचं.

मोटर हाताने रोखून १२ व्होल्टला किती करंट खेचते ते मोजा, पण दोन-तीन सेकंदच. डीकोडरची क्षमता त्याहून जास्त हवी. एचओ मापाच्या (१:८७) बऱ्याच इंजिनांना १ अँपिअरचा पुरतो.

आता खरी मेख. अनेक जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश (तिच्या फिरत्या भागाला वीज देणारा संपर्क) थेट धातूच्या चासीला (सांगाड्याला) टेकलेला असतो आणि चासीतून रुळाला. तसंच ठेवून वीज दिलीत तर डीकोडर क्षणात जळतो. म्हणून मोटरची दोन्ही टोकं सुटी करा आणि मल्टिमीटरने प्रत्येक टोक चासीशी, तसंच दोन्ही बाजूंच्या चाकांशी तपासा. एकदाही बीप वाजता कामा नये.

डीकोडरची लाल तार उजव्या पिकअपला, काळी डाव्या. नारिंगी आणि करडी मोटरला. निळी ही दिव्यांची सामाईक धन तार, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या. एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर लावाच. सांध्यांवर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. चिकटपट्टी उष्णतेने सुटते.

कव्हर लावण्याआधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डीकोडरच्या सेटिंगसाठीच्या वेगळ्या रुळावर) डीकोडरचा पत्ता, म्हणजे ओळख क्रमांक, वाचा. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे चूक झाली तरी डीकोडर बहुधा वाचतो. नवा असेल तर ३ दिसेल. काहीच वाचलं गेलं नाही, तर मोटरच्या तारा बघा, कारण डीकोडर उत्तर म्हणून करंटचा जो झटका देतो तो सहसा मोटरमधूनच दिला जातो. इंजिन उलटं धावलं? नारिंगी-करडीची अदलाबदल करा.